पाण्यावरचा एका रेणूच्या जाडीचा थर काचेवर कसा उतरवावा

परात घासून, भरपूर पाण्याने खळखळून, काठोकाठ पाण्याने भरावी आणि कापराची वडी नखाने खरवडून तिचा बारीकसा कण पाण्यावर टाकावा. परात खरोखर स्वच्छ असेल तर तो कण लगेच गरगर फिरू लागतो. मग केसांवरून फिरवलेले बोट पाण्याला नुसते टेकवावे, म्हणजे कण जागच्या जागी थबकतो. पहिल्या खेपेस बहुतेकांचा कण फिरतच नाही, कारण घासलेल्या परातीवरही साबणाचा किंवा तेलाचा अंश उरलेला असतो आणि या कामी तेवढा अंश पुरतो. इंग्लंडचे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांनी 1890 साली हाच प्रकार मोजून पाहिला. कापराची हालचाल थांबवण्यासाठी किती ऑलिव्ह तेल लागते ते त्यांनी तोलले, त्या वजनावरून काढलेल्या आकारमानाला पाण्याच्या क्षेत्रफळाने भागले आणि तेलाच्या थराची जाडी सुमारे 1.6 नॅनोमीटर निघाली.

प्रयोगशाळेत करायचे काम याच जातीचे आहे. पुढील मजकूर एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी किंवा संशोधनाच्या पहिल्या वर्षी लँगम्यूर ट्रफसमोर, म्हणजे असे थर पसरून दाबण्याच्या उथळ भांड्यासमोर, प्रथमच उभे राहणाऱ्यांसाठी लिहिला आहे. उदाहरण एकच घेतले आहे, ते स्टिअरिक आम्लाचे. पाण्यावर त्याचा एकरेणवीय थर पसरणे, तो दाबून त्याचा आलेख वाचणे, काचेवर उतरवणे आणि उतरलेला थर खरा आहे की नाही हे तपासणे, असा क्रम आहे. कापराच्या कणाने शिकवलेली गोष्ट मात्र प्रत्येक पायरीला आड येणार आहे: थर जेव्हा एकाच रेणूचा असतो, तेव्हा डोळ्यांना न दिसणारी घाण ही त्या थराच्या बरोबरीची असते.

आधी रेणू

स्टिअरिक आम्लाच्या रेणूत 18 कार्बन अणूंची सरळ साखळी असते. तिच्या एका टोकाला असलेला कार्बोक्सिल गट जलस्नेही असतो, तर उरलेली शेपटी जलविरोधी असते. त्यामुळे रेणू पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यावर तेलाच्या थेंबासारखा गोळा होऊनही राहत नाही. तो डोके पाण्यात बुडवून आणि शेपटी हवेत धरून उभा राहतो. ताठ उभ्या रेणूची लांबी सुमारे 2.5 नॅनोमीटर भरते आणि दाटीवाटीने उभा असताना तो साधारण 0.20 चौरस नॅनोमीटर जागा अडवतो. ही दुसरी संख्या पाठ करून ठेवावी, कारण संपूर्ण प्रयोगाची पारख तिच्यावर होते.

अकरावीच्या जुन्या एनसीईआरटी पुस्तकातून ओलेइक आम्लाचा प्रयोग अनेकांनी वाचलेला असतो. ओलेइक आम्लातही 18 कार्बनच असतात, पण मधल्या दुहेरी बंधामुळे त्याच्या साखळीला बाक असतो, म्हणून त्याचे रेणू एकमेकांना खेटून उभे राहू शकत नाहीत आणि थर द्रवासारखा सैल राहतो. संरचनेतला एवढासा फरक थराचा सगळा स्वभाव बदलतो. नवख्यांनी सुरुवात स्टिअरिक आम्लाने करावी असे मी सांगतो ते याच कारणाने, की त्याचा आलेख स्पष्ट येतो आणि चूक लपत नाही. मेणबत्त्यांसाठी बाजारात जे स्टिअरिक आम्ल मिळते त्यात पामिटिक आम्ल मोठ्या प्रमाणात मिसळलेले असते, तेव्हा ते इथे चालणार नाही. निदान 99 टक्के शुद्धतेचे घ्यावे.

ट्रफ आणि त्याची स्वच्छता

ट्रफ म्हणजे एक उथळ, आयताकृती टेफ्लॉनचे भांडे. पाणी त्याच्या कडेपेक्षा किंचित वर, फुगून उभे राहते आणि त्यावरून सरकणारे अडसर, ज्यांना सगळे बॅरियरच म्हणतात, पृष्ठभाग दोन्ही बाजूंनी किंवा एका बाजूने आवळत आणतात. या उपकरणाचा जन्म स्वयंपाकघरात झाला. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे आईवडिलांचे घर सांभाळणाऱ्या आग्नेस पॉकेल्स यांनी 70 सेंटिमीटर लांब, 5 सेंटिमीटर रुंद आणि 2 सेंटिमीटर खोल पत्र्याची पन्हळ पाण्याने काठोकाठ भरून, तिच्यावर पत्र्याची पट्टी सरकवून पाण्याचा ताण मोजला आणि आपले निष्कर्ष रॅली यांना कळवले. रॅली यांनी ते पत्र 1891 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आणले. विद्यापीठाचे शिक्षण न मिळालेल्या बाईंची ती पत्र्याची पन्हळ आणि आजचा संगणकाला जोडलेला ट्रफ यांच्यात तत्त्वाचा फरक नाही.

ट्रफ स्वच्छ करण्यासाठी धागे न सुटणारा कागद क्लोरोफॉर्ममध्ये भिजवून टेफ्लॉन व बॅरियर पुसावेत, मग इथेनॉलने पुसावेत आणि शेवटी अतिशुद्ध पाण्याने दोनतीनदा धुवावेत. अतिशुद्ध म्हणजे ज्याची रोधकता 18.2 मेगोह्म-सेंटिमीटर आहे असे, त्याच दिवशी काढलेले पाणी. नळाचे किंवा बोअरचे पाणी इथे बाद आहे, कारण त्यातले कॅल्शियम स्टिअरिक आम्लाशी संयोग पावते. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस न येता बादलीच्या कडेला जो पांढरा चिकट थर बसतो, तो बऱ्याच अंशी हाच संयोग असतो. (पुढे आपण हेच कॅल्शियम मुद्दाम घालणार आहोत, पण मोजून.) क्लोरोफॉर्म नायट्राइलच्या हातमोज्यांतून लवकर पार होतो, म्हणून मोज्यावर तो सांडल्यास मोजा तत्काळ बदलावा आणि पुसण्याचे काम हवा खेचणाऱ्या सोयीखालीच करावे.

यानंतरची कसोटी टाळू नये. ट्रफ पाण्याने भरून, वर काहीही न पसरता, बॅरियर शेवटपर्यंत मिटवावेत. पृष्ठदाब, म्हणजे पाण्याच्या पृष्ठताणात झालेली घट, 0.2 मिलिन्यूटन प्रति मीटरपेक्षा जास्त वाढला तर पाण्यावर कोणीतरी आगंतुक आहे असे समजावे. मिटलेल्या अवस्थेतच निर्वात पंपाला जोडलेल्या काचेच्या बारीक नळीने पृष्ठभागावरचे पाणी शोषून घ्यावे, बॅरियर उघडावेत, पाण्याची पातळी भरून काढावी आणि पुन्हा मिटवून पाहावे. हे चार वेळा करावे लागले तरी चार वेळा करावे.

खोलीतला छताचा पंखा बंद ठेवावा, कारण तो पृष्ठभागावर लहरी उठवतो आणि धूळही टाकतो. केसांचे तेल, हाताचे क्रीम, शेजारच्या टेबलावरचे ग्रीस, उदबत्तीचा धूर हे सगळे या कामाचे वैरी आहेत. खंडेनवमीला प्रयोगशाळेतील यंत्रांची पूजा होते, त्या दिवशी ट्रफवर आदल्या संध्याकाळीच झाकण घालून ते चिकटपट्टीने बंद करावे आणि हळदकुंकू झाकणाला लावू द्यावे.

द्रावण, आणि माझे वाया गेलेले दोन आठवडे

एक मिलिलिटर क्लोरोफॉर्मला एक मिलिग्रॅम, या प्रमाणात स्टिअरिक आम्लाचे द्रावण करावे. मोजपात्र काचेचे, बूच काचेचे किंवा टेफ्लॉनचे, सिरिंजही काचेचीच असावी. मी सुरुवातीला द्रावण प्लॅस्टिकच्या बुचाच्या बाटलीत ठेवले होते. माझ्या आलेखात दाब फार लवकर, प्रति रेणू 0.35 चौरस नॅनोमीटरलाच, हळूहळू चढू लागे आणि मी त्याला तापमानापासून पीएचपर्यंत नाना कारणे चिकटवत बसलो. अखेर मार्गदर्शकांनी नुसत्या क्लोरोफॉर्मचा थेंब त्याच बाटलीत हलवून स्वच्छ पाण्यावर सोडायला लावला. स्टिअरिक आम्लाचा एकही रेणू नसताना दाब चढला. बुचातील मऊपणा आणणारे द्रव्य क्लोरोफॉर्मने काढून आणले होते आणि इतके दिवस मी त्याचाच आलेख काढत होतो. तेव्हापासून प्रत्येक नव्या बाटलीतील कोरा क्लोरोफॉर्म आधी पाण्यावर पसरून पाहण्याची सवय लागली, ती वाचकांनीही लावून घ्यावी.

किती द्रावण घालायचे याचा हिशेब कागदावर करावा. स्टिअरिक आम्लाचे रेणूवस्तुमान 284.5 आहे. 50 मायक्रोलिटर द्रावणात 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे 1.06 × 10¹⁷ रेणू असतात. प्रत्येकाने 0.20 चौरस नॅनोमीटर अडवले तर दाट थर जवळपास 212 चौरस सेंटिमीटरचा होतो. ट्रफ 50 सेंटिमीटर लांब आणि 10 सेंटिमीटर रुंद असेल, तर आरंभी प्रत्येक रेणूच्या वाट्याला 0.47 चौरस नॅनोमीटर येतात, म्हणजे थर सैल असतो आणि दाबायला पुरेशी जागा उरते.

सिरिंजचे टोक पाण्यापासून दोनतीन मिलिमीटर वर धरून थेंब लोंबू द्यावा, त्याने पाण्याला स्पर्श केला की तो स्वतःच पसरतो. थेंब उंचावरून पाडला तर तो पाण्यात बुडतो आणि त्यातले रेणू हिशेबातून निसटतात. एकाच जागी सगळे न सोडता पृष्ठभागावर ठिकठिकाणी सोडावे, आणि क्लोरोफॉर्म उडून जाण्यासाठी पंधरा मिनिटे थांबावे.

पृष्ठदाब मोजणारी पट्टी

स्वच्छ पाण्याचा पृष्ठताण 20 अंश सेल्सियसला 72.8 मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. थर पसरल्यावर तो कमी होतो, आणि जितका कमी झाला त्यालाच पृष्ठदाब म्हणतात. तो मोजण्यासाठी सूक्ष्म तराजूला टांगलेली विल्हेल्मी पट्टी पाण्यात किंचित बुडवलेली असते. पट्टी प्लॅटिनमची असो वा गाळणकागदाची, पाण्याने ती पूर्ण भिजली पाहिजे, नाहीतर वाचन खोटे येते. नवख्यांना कागदाची पट्टी सोपी जाते, कारण ती भिजतेच आणि रोज बदलता येते. 10 मिलिमीटर रुंद आणि 0.2 मिलिमीटर जाड पट्टीचा परिघ 20.4 मिलिमीटर होतो, म्हणून स्वच्छ पाणी तिला सुमारे 1.49 मिलिन्यूटन, म्हणजे जवळजवळ 150 मिलिग्रॅम वजनाइतके खाली ओढते. तराजूचे वाचन याच्या आसपास येत नसेल तर पट्टी नीट भिजलेली नाही किंवा पाणी मलिन आहे. पट्टी भिजवून दहा मिनिटे टांगून ठेवावी, वाचन स्थिरावले की तिथे शून्य धरावे आणि मगच द्रावण पसरावे.

दाबणे आणि आलेख वाचणे

बॅरियर सावकाश, मिनिटाला पाच ते दहा मिलिमीटर वेगाने चालवावेत. संगणकावर आडव्या अक्षावर प्रति रेणू क्षेत्रफळ आणि उभ्या अक्षावर पृष्ठदाब असा आलेख उमटत जातो. तापमान स्थिर ठेवून काढलेल्या या आलेखाला आयसोथर्म म्हणतात. याच्या वाचनाला वेळ द्यावा, कारण काचेवर पुढे जे काही उतरणार आहे ते सगळे इथेच ठरलेले असते.

सुरुवातीला रेषा शून्याला चिकटून असते. या वेळी रेणू विखुरलेले असतील अशी कल्पना होते, पण प्रत्यक्षात स्टिअरिक आम्लाचे रेणू दाब नसतानाही एकमेकांना धरून बेटे करतात आणि बेटांमध्ये जवळजवळ मोकळे पाणी असते. पाण्यासाठी 53 अंश असलेल्या ब्रूस्टर कोनात प्रकाश पाडून पाहणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून ही बेटे काळ्या पार्श्वभूमीवर उजळ दिसतात, आणि ज्यांना अशा उपकरणासमोर बसायची संधी मिळेल त्यांनी ती सोडू नये. 0.25 चौरस नॅनोमीटरच्या सुमारास बेटे एकमेकांना भिडतात आणि दाब चढू लागतो. इथून सुमारे 25 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंतची चढण मध्यम असते, कारण शेपट्या अजून कललेल्या असतात आणि दाबाबरोबर सरळ होत जातात. मग रेषेला एक ठळक कोपरा येतो आणि त्यानंतर ती जवळजवळ उभी चढते. आता शेपट्या ताठ झालेल्या असतात आणि आवळायला जागा उरलेली नसते. या उभ्या भागाची रेषा खाली वाढवून आडव्या अक्षाला भेटवली की 0.20 चौरस नॅनोमीटर मिळायला हवे. दाबतच राहिले तर थर मोडतो, रेणू एकमेकांवर चढतात आणि दाब कोसळतो. तो बिंदू दाबण्याच्या वेगाप्रमाणे मागेपुढे होतो, म्हणून त्याच्यावर फार विसंबू नये.

हिशेबात 0.24 आले तर बाटली उघडी राहून क्लोरोफॉर्म उडाला असण्याची शक्यता प्रथम तपासावी, कारण द्रावण दाट झाले की आपण समजतो त्यापेक्षा जास्त रेणू पाण्यावर पडतात. 0.17 आले तर थेंब बुडाले, वजनात चूक झाली किंवा बॅरियरच्या फटीतून थर गळतो आहे. आणि कोपराच दिसत नसून रेषा एकदम उभी चढत असेल, तर पाण्यात कॅल्शियमसारखा धातू शिरला असून आम्लाचे लवण झाले आहे. तीन लागोपाठचे आलेख एकमेकांवर बसेपर्यंत काच हातात घेऊ नये. विद्यार्थी नेमकी इथेच घाई करतात आणि मग काचेला दोष देतात.

काच तयार करणे

सूक्ष्मदर्शकाची साधी काचपट्टी चालते. सौम्य द्रव साबण, पाणी, ॲसिटोन, आयसोप्रोपेनॉल, पुन्हा शुद्ध पाणी असा क्रम धरावा आणि शेवटी अतिनील-ओझोन यंत्रात वीस मिनिटे ठेवावी. काच उभी धरली असता पाण्याचा अखंड पदर तिच्यावर टिकला, कुठेही फाटून थेंब झाले नाहीत, म्हणजे ती जलस्नेही झाली. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांचे पिरान्हा नावाचे मिश्रण अनेक ठिकाणी सर्रास वापरतात. ते सेंद्रिय द्रावकाशी संपर्क आल्यास स्फोटक ठरते, आणि ॲसिटोनने नुकतीच धुतलेली काच त्यात बुडवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा असेलच याची खात्री नसते. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नये.

उतरवणे

नुसत्या पाण्यावरील आम्लाचा थर दाबाखाली हळूहळू खचतो. म्हणून पाण्यात लिटरला 10⁻⁴ मोल या मानाने कॅल्शियम क्लोराइड घालून, सोडियम बायकार्बोनेटच्या किंचित मात्रेने पीएच सातच्या आसपास आणावा. जुन्या शोधनिबंधांत कॅडमियम क्लोराइड आढळते आणि त्याचे थर देखणे येतात, पण ते कर्करोगकारक आहे. घ्यावेच लागले तर त्याचे सांडपाणी वेगळ्या बाटलीत साठवावे, मोरीत कधीही ओतू नये.

काच थर पसरण्याआधीच पाण्यात बुडवून ठेवायची असते. थर 30 मिलिन्यूटन प्रति मीटरपर्यंत दाबावा, वीस मिनिटे तो दाब तसाच राखून क्षेत्रफळ फारसे घटत नाही ना ते पाहावे आणि मग काच मिनिटाला दोन मिलिमीटर वेगाने वर काढावी. दाब कायम राखण्यासाठी यंत्र बॅरियर आपोआप पुढे सरकवते. या वेळी डोळे पडद्यावर न ठेवता काचेवर ठेवावेत. पाणी काचेला जिथे भेटते तिथे त्याची कड वर वळलेली दिसते, आणि काच वर येताना त्या कडेवरून पाण्याचा पदर सोलल्यासारखा मागे हटून काच कोरडी बाहेर येते. पदर वर ओढला जात असेल तर वेग निम्मा करावा. बाहेर आलेली काच अर्धा तास वाळू द्यावी. तिच्यावर हलकी फुंकर घातली असता थर आलेल्या भागावर बारीक थेंबांचे धुके साचते आणि न बुडालेल्या भागावर साचत नाही. दोहोंमधली सीमा फूटपट्टीने आखल्यासारखी दिसते.

काच आता जलविरोधी झाली आहे, म्हणून ती पुन्हा खाली नेताना पाण्याची कड खाली वळते आणि दुसरा थर शेपटीला शेपटी लावून बसतो. पुढे वर काढताना डोक्याला डोके. अशा जोडरचनेला वाय प्रकार म्हणतात. एकाच दिशेने उतरणाऱ्या थरांचे एक्स आणि झेड असे आणखी दोन प्रकार आहेत, पण त्यांचा विचार तूर्त करू नये.

प्रत्येक फेरीला उतार-गुणोत्तर काढावे, म्हणजे पाण्यावरून घटलेले क्षेत्रफळ भागिले काचेचे बुडालेले क्षेत्रफळ. 25 मिलिमीटर रुंद, 1 मिलिमीटर जाड काच 30 मिलिमीटर बुडाली असेल तर दोन्ही बाजू आणि कडा मिळून 15.6 चौरस सेंटिमीटर होतात. थर तितकाच घटला तर गुणोत्तर एक येते; 0.95 ते 1.05 ठीक मानावे. बॅरियर अगदी एकमेकांजवळ आणता येत नाहीत, त्यामुळे वर हिशेबिलेल्या पसाऱ्यातून सहा-सात थरच निघतात. पुढच्या थरांसाठी जुना थर शोषून टाकून नवा पसरावा लागतो.

काय मिळाले ते पाहणे

स्वच्छ काचेवर सपाट पसरणारा पाण्याचा थेंब मिथाइल टोकांच्या सुव्यवस्थित थरावर गोल बसतो आणि त्याचा स्पर्शकोन 110 अंशांच्या आसपास असतो. कोन नव्वदीच्या घरात आला तर थराला भोके आहेत. वीसेक थर झाले की क्ष-किरण विवर्तन घेता येते. जोडथराचे अंतर 5.0 नॅनोमीटर असल्यास तांब्याच्या 0.154 नॅनोमीटर तरंगलांबीला पहिले शिखर 1.77 अंशांवर, म्हणजे थेट किरणाला खेटून येते, तेव्हा नेहमीच्या भुकटीच्या नमुन्यासारखी 10 अंशांपासून सुरुवात केली तर ते हातचे जाईल. मुंबईची आयआयटी आणि कोलकात्याची साहा इन्स्टिट्यूट येथे अशा बहुथरांवर बरेच काम झाले आहे. तिथले आलेख आपल्या आलेखाशेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

जाडी तर डोळ्यांनीही दिसते. जनरल इलेक्ट्रिकच्या स्केनेक्टडी येथील प्रयोगशाळेत आयर्विंग लँगम्यूर यांच्यासोबत काम करणाऱ्या कॅथरीन ब्लॉजेट यांनी 1935 मध्ये थरावर थर चढवण्याची रीत मांडली आणि ठरावीक थरसंख्येला येणाऱ्या रंगांवरून जाडी ओळखण्याच्या पट्ट्या बनवल्या. 1938 मध्ये त्यांनी 44 थर देऊन काचेवरील परावर्तन जवळजवळ नाहीसे केले. विजेच्या बाबतीत हा थर निरोधक आहे, पण इतका पातळ की इलेक्ट्रॉन त्यातून सुरंग काढल्यासारखे पार होतात. साखळीची लांबी वाढेल तशी ही पारगम्यता घातांकी वेगाने घटते, हे मान आणि कून या संशोधकांनी 1971 मध्ये स्टिअरिकसारख्या मेदाम्लांच्या लवणांवर दाखवले. पाण्यावरच ठेवलेला दाट थर बाष्पीभवन अडवतो. उन्हाळ्यात आटणाऱ्या जलाशयांसाठी सीटिल अल्कोहोलसारख्या पदार्थांचे प्रयोग 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात झाले आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनेही पुढे या प्रश्नावर काम केले. तिथली मुख्य अडचण वाऱ्याची होती. वारा थराला एका काठाशी लोटून नेतो आणि बाकीचे पाणी उघडे पडते.

काम संपल्यावर पाण्यावरचा थर शोषून घ्यावा, ट्रफ रिकामा करून क्लोरोफॉर्म व इथेनॉलने पुसावा आणि झाकून ठेवावा, कारण रात्रभर वाळलेला स्टिअरेटचा, म्हणजे स्टिअरिक आम्लाच्या लवणाचा, पापुद्रा सकाळी टेफ्लॉनवरून सहजासहजी निघत नाही. नमुने चिमट्याने कडेला धरून काचेच्या झाकणपात्रात ठेवावेत, प्लॅस्टिकच्या डबीत ठेवू नयेत. वहीत तापमान, पीएच, सोडलेले द्रावण, उतरवण्याचा दाब, प्रत्येक फेरीचे गुणोत्तर यांच्याबरोबरच रिकाम्या पाण्याच्या कसोटीत दाब किती चढला होता तोही आकडा लिहावा. महिन्याभराने एखादा नमुना विचित्र वागला की सर्वप्रथम तोच शोधावा लागतो.